मिक्स कुठून सुरू करायचा? माझ्या कानाच्या खोडी आणि त्यांवरचे उतारे

मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं (ट्रॅक) जुळवून एक गाणं करणं. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा: "घरीच मिक्स करतो. एक जण सांगतो ड्रम्सपासून सुरुवात करा, दुसरा म्हणतो व्होकलपासून (गायनापासून). कुणी म्हणतं मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) पहिल्यापासून कॉम्प्रेसर (जोराचे भाग दाबणारं साधन) ठेवा, कुणी म्हणतं शेवटपर्यंत मास्टरला हात लावू नका. सगळ्यांचं ऐकून ढीगभर प्लगइन (आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्राम) लावले. हेडफोनवर झकास वाटतं, गाडीत लावलं की सगळं गढूळ आणि व्होकल मागे. तुम्ही स्वतः कोणत्या क्रमानं करता, आणि का?"

क्रम सांगते, पण आधी 'का'. कारण तिथेच तुमचा घोळ झालाय असं मला वाटतं.

तुम्ही ज्यांचं ऐकलंत ते सगळे बरोबर असू शकतात. इतकी वर्षं हे काम करताना एवढं लक्षात आलं की प्रत्येकाची पद्धत हा त्याच्या स्वतःच्या कानाच्या खोडीवर त्यानं शोधलेला उतारा असतो. ज्याचे ड्रम्स नेहमी दबतात तो ड्रम्सपासून सुरुवात करायला शिकतो. जो ईक्यूत (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करण्यात) रमून तासभर हरवतो तो स्वतःवर 'आधी फक्त फेडर' (ट्रॅकचा आवाज वर-खाली करणारी पट्टी) असा नियम घालून घेतो. ती खोड तुम्हाला नसेल तर त्याचं औषध तुम्ही उगाच घेताय, आणि तुमची खोड आहे तिथेच राहते. म्हणून खाली मी माझ्या खोडी सांगते आणि त्यांवर काय करते तेही. यातलं किती तुम्हाला लागू पडतं ते तुम्हीच ठरवा.

माझी सगळ्यात जुनी खोड म्हणजे मी व्होकल मागे ठेवते. मुद्दाम नव्हे. गाणं चौथ्यांदा ऐकलं की शब्द पाठ होतात, आणि पाठ झालेला शब्द कानाला अर्धामुर्धा पोचला तरी डोकं तो पुरा करून घेतं. मला वाटतं ऐकू आलं. खरं तर आठवलेलं असतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याकडे ती सोय नाही. तुमचा व्होकल गाडीत मागे जातो त्यामागे हेच असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात हेडफोनची भर. हेडफोनमध्ये मधोमध ठेवलेला व्होकल थेट डोक्याच्या आत बसतो, आजूबाजूला खोली नाही, इंजिनाची घरघर नाही. डाव्या बाजूचं फक्त डाव्या कानाला जातं, त्यामुळे दोन्हीकडे पसरलेली गिटार आणि कीबोर्ड मधून आपोआप बाजूला होतात आणि व्होकलला फुकटची मोकळी जागा मिळते. स्पीकरवर तेच सगळं हवेत एकमेकांत मिसळतं आणि ती जागा नाहीशी होते.

म्हणून मी व्होकलपासून सुरुवात करते. सगळे फेडर खाली, फक्त व्होकल वर. ट्रॅकची सरासरी पातळी −18 डीबीएफएसच्या (डिजिटल मोजपट्टी, तिच्यात 0 ही वरची हद्द) आसपास ठेवायची, म्हणजे सगळं एकत्र आल्यावर मास्टरवरची शिखरं सहसा −6 च्या वर जात नाहीत. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये तत्त्वतः 144 डीबीचा (डेसिबलचा) पल्ला असतो, तेव्हा पातळी वर रेटून काही हाती लागत नाही. एकदा व्होकल बसवला की तो त्या दिवशी खाली ओढायचा नाही, हा माझा स्वतःशी करार. बाकीच्यांनी त्याच्या खाली जागा शोधायची. त्याच्यानंतर येतं ते गाण्यात त्याच्याशी बोलणारं वाद्य, पियानो किंवा गिटार जे असेल ते, मग बेस आणि किक (ड्रम्समधला पायानं वाजवायचा मोठा ढोल), मग उरलेलं. आणि हे मी गाण्याच्या सुरुवातीपासून करत नाही. शेवटचं ध्रुवपद, जिथे सगळे एकदम वाजतात, तेवढंच फिरवत ठेवते. गर्दीत जमलं तर रिकाम्या जागेत जमतंच. उलट्या बाजूनं गेलात तर पहिल्या कडव्यात राजेशाही पसरलेला पियानो ध्रुवपदात कुणाला हलू देत नाही.

पहिला अर्धा-पाऊण तास फक्त फेडर आणि पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा). एकही प्लगइन नाही. या वेळात मिक्स जर सत्तर टक्के उभा राहिला नाही, तर दोष बहुधा वाद्यरचनेत किंवा रेकॉर्डिंगमध्ये असतो, आणि तो प्लगइननं झाकण्यापेक्षा एखादा ट्रॅक म्यूट करणं बरं. म्यूट हे माझ्या मते मिक्सिंगमधलं सगळ्यात दुर्लक्षित बटण आहे. (सोलो, म्हणजे एकच ट्रॅक ऐकवणारं बटण, त्याबद्दल पुढे बोलतेच.)

हे सगळं हळू आवाजात. किती हळू? शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतकं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली दाखवून दिलं की कानाची संवेदनशीलता सगळ्या स्वरांना सारखी नसते आणि आवाजाच्या पातळीप्रमाणे ती बदलते. 3 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वात तिखट असतो. खर्जाला तो मंद, आणि पातळी जितकी कमी तितका जास्त मंद. मोठ्यानं लावलं की खर्ज आपोआप भरतो, सगळं भव्य वाटतं आणि आपण खूष होऊन थांबतो. तोच मिक्स कुणी हळू लावला की त्यातली हवा निघून जाते. हळू आवाजात व्होकल, स्नेअर (ड्रम्समधला कडक वाजणारा) आणि मुख्य वाद्य यांचं नातं जुळलं असेल तर मोठ्यानं लावल्यावर ते सहसा बिघडत नाही. खर्जाचे निर्णय मात्र हळू आवाजात घेता येत नाहीत, त्यासाठी 80–85 डेसिबलवर पाच-दहा मिनिटं ऐकते आणि परत खाली येते. कानाच्या दृष्टीनंही हे शहाणपणाचं आहे. 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कामाच्या जागी सुरक्षित मानलेली एक मर्यादा, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 91 ला दोनच.

आता गढूळपणा. इथे माझी एक फजिती सांगते, कारण तुमचंही तसंच झालं असू शकतं. सुरुवातीला माझी खोली साधारण 3.4 मीटर लांब होती आणि मी टेबल अगदी मधोमध मांडलं होतं, चारी बाजूंनी ऐसपैस. एका गाण्यात किक काही केल्या पोटात लागेना. 50 हर्ट्झला 5 डीबी चढवले, तेव्हा कुठे बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडीत लावलं तर दारांची पॅनेलं थरथरायला लागली, व्होकल कुठल्या कुठे. कारण साधं भूमितीचं होतं. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीच्या लांबीएवढी असते ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभी राहते. 3.4 मीटरला ती बरोबर 50 हर्ट्झच्या आसपासची. भिंतीपाशी तिचा जोर सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. म्हणजे खोलीत ज्या एकाच जागी 50 हर्ट्झ ऐकूच येत नाही तिथे मी खुर्ची टाकून बसले होते आणि किकला दोष देत होते.

टेबल हलवलं. आता स्पीकर आखूड भिंतीकडे, आणि माझे कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर. हा आकडा म्हणजे वेद नाही, सुरुवात करायची जागा आहे. तिथून थोडं पुढेमागे सरकून, एक सावकाश चढत जाणारा बेस वाजवत, कुठला स्वर गायब होतो ते पाहायचं. तुम्ही आज एकही प्लगइन न उघडता हे करून बघा.

खोलीनंतर गढूळपणाचं दुसरं घर म्हणजे सोलो बटण. ही माझी दुसरी खोड. अकूस्टिक गिटार एकटी ऐकली की तिचा 100 ते 200 हर्ट्झमधला गुबगुबीतपणा इतका लोभस वाटतो की तो कापायला हात धजत नाही. पण गिटारची सर्वात खालची तार 82 हर्ट्झ, बेस गिटारची 41, किकचा गाभा 50 ते 80 च्या दरम्यान, पुरुषी आवाज असेल तर त्याचाही तळ तिथेच शंभराच्या आगेमागे, पियानोचा डावा हात त्याच गल्लीत. प्रत्येक जण एकटा सुंदर, आणि पाचही एकत्र म्हणजे चिखल. म्हणून माझ्याकडे ईक्यू करताना सोलो बंद. सोलो फक्त खरखर, टिचकी, चुकीचा कट शोधण्यापुरता. गिटारचा लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) सगळं वाजत असताना वर सरकवत न्यायचा, ती पातळ झाल्याचं जाणवलं की किंचित मागे यायचं. बऱ्याचदा तो 150 च्या पुढे जाऊन थांबतो. नंतर कुतूहल म्हणून सोलो केलं तर गिटार कागदी वाटते. वाटू दे. ऐकणाऱ्याकडे सोलो बटण नसतं.

किक आणि बेस यांच्यात खाली कोण झोपणार आणि वर कोण, हे गाण्यावरून ठरवायचं. बेस लांब स्वर धरत असेल तर तळ त्याचा, आणि किकला 80 ते 100 च्या आसपास थोडी जागा आणि 3 किलोहर्ट्झच्या जवळची टकटक द्यायची, म्हणजे छोट्या स्पीकरवरही तो लागतो. बेस तुटक वाजत असेल तर उलट. दोघांनाही तळ द्यायला गेलात तर दोघेही बोदे वाजतात.

ईक्यूला हात घालायच्या आधी आणखी एक तपासणी, जी विसरल्यामुळे मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. गिटार दोन माईकनी रेकॉर्ड केलेली होती, एक बाराव्या पडदीपाशी, दुसरा त्याच्याहून साधारण 34 सेंटिमीटर लांब. ईक्यूनं काहीही करा, मोनोत (डावं-उजवं एकत्र केल्यावर) ती पोकळ, नळकांड्यातून आल्यासारखी. 34 सेंटिमीटर म्हणजे ध्वनीला एक मिलिसेकंद. दोन माईक सारख्या पातळीवर एकत्र केले की 500 हर्ट्झला एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली, दोघं एकमेकांना खातात. मग 1500 ला, 2500 ला, असं कंगव्याच्या दातांसारखं वरपर्यंत. जे उरलंच नाही ते ईक्यूनं वाढवणार कसं? ट्रॅक मोठा करून पाहिला, तारेचा पहिला टणत्कार दोन्ही लाटांमध्ये शोधला, लांबचा ट्रॅक एक मिलिसेकंद आधी सरकवला. गिटार एका क्षणात लाकडाची झाली. काही वेळा नुसतं पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवूनही काम भागतं. मोनो करून ऐकायचं, उलटवायचं, ज्यात खर्ज जास्त भरीव ते ठेवायचं.

कॉम्प्रेसरबद्दल लोक भरपूर बोलतात, म्हणून मी त्याच्या आधीच्या कामाबद्दल बोलते. व्होकलवर मी पहिला अर्धा तास हातानं घालवते. समजा एक ओळ आहे, सात शब्दांची. दुसरा शब्द गायिकेनं जोरात उचललाय, 5 डीबी वर. चौथा-पाचवा ठीक. सातव्याचं शेवटचं अक्षर श्वास संपल्यामुळे तोंडातच विरलंय. ही ओळ तशीच कॉम्प्रेसरला दिली तर तो दुसऱ्या शब्दावर झडप घालतो, त्याची घुसमट ऐकू येते, आणि शेवटचं अक्षर गेलं ते गेलंच. त्याऐवजी कॉम्प्रेसरच्या आधी, क्लिपच्याच (रेकॉर्ड केलेल्या तुकड्याच्या) पातळीवर, दुसरा शब्द 3 डीबी खाली, शेवटचं अक्षर 4 वर. त्या अक्षराच्या मागचा श्वास त्याच्याबरोबर वर येतो, तो वेगळा कापून पुन्हा 5 डीबी खाली. श्वास पुसून टाकायचा नाही. श्वास न घेता गाणारा माणूस ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतो, का ते त्याला कळत नाही. 'स', 'श' टोचत असतील तर तेही इथेच हातानं 3-4 डीबी उतरवते. डी-एसर 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तेच काम करतो, पण बेसावध लावला तर गायिका बोबडी होते.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेसरला फार काही उरत नाही आणि तो छान वाजतो. मी दोन लावते, एकामागे एक. आधी 1176 च्या जातीचा: बिल पुटनम यांचं 1967 चं हे यंत्र, 20 ते 800 मायक्रोसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या कितीतरी आधी पकडणारं. तो फक्त उसळलेली टोकं छाटतो, 2-3 डीबी. मागे एलए-2ए च्या जातीचा, ज्यात प्रकाश आणि प्रकाशाला संवेदनशील घटक यांच्यावर काम चालतं, त्यामुळे पकड सुस्त आणि मऊ. तो ओळीला हळुवार थोपटतो. एकट्यानं 6 डीबी दाबण्यापेक्षा दोघांनी तीन-तीन दाबलेले कळत नाहीत.

आणि प्रत्येक प्लगइननंतर पातळी जुळवून घ्या. हे मी शंभरदा सांगते आणि लोक शंभरदा विसरतात. अर्धा-एक डीबी मोठं झालेलं काहीही कानाला 'चांगलं' वाटतं. पातळी सारखी करा, डोळे मिटा, बायपास बटण इतक्या वेळा दाबा की चालू आहे की बंद ते विसराल. मग ऐकून ठरवा. तुमच्या त्या ढीगभर प्लगइनांपैकी निम्मे इथेच गळतील, असा माझा अंदाज.

तिसरी खोड रिव्हर्बची. मला घुमारा आवडतो, फार आवडतो, म्हणून तो शेवटी लावायचा असा दंडक. त्याच्याकडे पाठवलेल्या आवाजात (सेंडवर) 600 हर्ट्झच्या खालचं आणि 10 किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकते. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओची म्हणून ही युक्ती ओळखली जाते. खालचं कापल्यानं चिखल होत नाही, वरचं कापल्यानं प्रत्येक 'स' मागे फुसफुस उरत नाही. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा विलंब) 30-40 मिलिसेकंद. एवढ्या अंतरात आलेले पडसाद कान मूळ आवाजातच जमा करतो, हे हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये मांडलं. त्या सीमेवर किंवा जरा पलीकडे घुमारा सुरू झाला की शब्द आधी स्वच्छ पोचतो आणि खोली मागून येते. बऱ्याचदा रिव्हर्बची जागा डिलेच (ठरावीक वेळानं येणारा प्रतिध्वनी) भरून काढतो. 60,000 ला टेम्पोनं (मिनिटाला किती मात्रा त्यानं) भागा: 96 च्या लयीला एक मात्रा 625 मिलिसेकंद, अर्धी साधारण 312. लयीत बसलेला डिले मिक्समध्ये लपून जातो. रिव्हर्ब किती, याची माझी कसोटी अशी की तो 'ऐकू' आला की 2 डीबी खाली, आणि म्यूट केल्यावर चुकल्यासारखं वाटलं की थांबायचं.

मास्टरवरच्या कॉम्प्रेसरबद्दल विचारलंत. लावायचाच असेल तर लवकर लावा, दाबण्याचं प्रमाण 2:1, आणि किती दाबलं ते दाखवणारा काटा एक-दीड डीबीहून जास्त हलू नये. शेवटी लावलात तर तुम्ही बसवलेला तोल तो बदलतो आणि पुन्हा सगळं जुळवत बसावं लागतं. मी स्वतः निम्म्याहून जास्त गाण्यांना लावत नाही. जोराच्या शर्यतीत तर पडूच नका. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण −14 एलयूएफएसला (गाण्याच्या सरासरी जोराचं माप) आणून वाजवतात. तुम्ही −8 ला ठेचून दिलंत तर ते 6 डीबी खाली येईल आणि तुमच्याकडे फक्त ठेचलेपण उरेल.

स्पीकर कोणते घ्यावेत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. यामाहा एनएस-10 हा 1978 चा, घरात गाणी ऐकण्यासाठी काढलेला स्पीकर. खर्ज जवळजवळ नाही, मधले स्वर पुढे पुढे करणारे, त्यामुळे कानाला रुक्ष. तरी 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबेपर्यंत तो जगभरच्या स्टुडिओंमध्ये टेबलावर ठाण मांडून होता, कारण त्यावर व्होकल आणि स्नेअरची लबाडी चालत नाही. तुमच्याकडे जे आहे त्यावरच तुमच्या आवडीची, तुम्हाला नसानसांत ठाऊक असलेली दोन-तीन गाणी महिनाभर ऐका, आणि मिक्स करताना त्यांतलं एक मध्ये मध्ये लावत जा, पातळी तुमच्या मिक्सएवढी खाली आणून. ते मास्टर झालेलं (प्रकाशनासाठी जोर वाढवून तयार केलेलं) असतं, पातळी जुळवली नाहीत तर तुलना सुरू व्हायच्या आधीच तुम्ही हरता. शिवाय एक छोटा स्पीकर, मोनोत. मी तो चालू करते, खोलीबाहेर जाते, दार अर्धवट लोटते आणि पॅसेजमधून गाणं ऐकते, शब्दांचा कागद हातात न घेता. जो शब्द कळला नाही तिथे परत जाते.

रात्री मिक्स संपवत नाही. फाइल काढून ठेवते, सकाळी एकदाच, न थांबवता ऐकते, आणि खटकलं तेवढं कागदावर लिहिते. यादीत अर्ध्या डीबीच्याच गोष्टी उरल्या की काम झालं.

पाठवताना तीन प्रती काढते: माझ्या मनासारखी, व्होकल 1 डीबी वर असलेली, आणि 1 डीबी खाली असलेली. इतक्या वर्षांच्या उताऱ्यांनंतरही परत येणारा निरोप बहुतेक वेळा तोच असतो: व्होकल वर असलेलीच प्रत पक्की करा.